कागदाची शिकार

बंदूक घ्यायची आहे असं घरात जाहीर केलं की 'कशासाठी?' असं कोणी विचारत नाही, 'कोणासाठी?' असं विचारतात. बायको त्याच्याही पुढे गेली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, पण तुमचं एवढं वाकडं आहे कोणाशी?" आणि उत्तराची वाट न बघता तिने स्वतःच नावं काढायला सुरुवात केली. सोसायटीचे सेक्रेटरी, वरच्या मजल्यावरचे तबलावादक, माझे माजी साहेब, आणि माझी नवी छत्री नेऊन जुनी परत करणारा तिचा मावसभाऊ. यादी संपेना तेव्हा मलाच वाटलं, आपल्याला बराच वाव आहे की!

मला शिकार करायची होती ती कागदाची. दहा मीटरवर एक कागद टांगायचा, त्यावर एक काळं वर्तुळ असायचं, आणि सुट्टीच्या सकाळी निवांत बसून त्या वर्तुळाला भोकं पाडायची. ह्यात कोणाचं वाईट नाही आणि कोणाचं भलंही नाही, म्हणून तर ती मौज. पण नुसती मौज म्हणून खरेदी करणं आपल्याकडे बसत नाही. सायकल घ्यायची ती गुडघ्यांसाठी, कुत्रा पाळायचा तो राखणीसाठी, गड चढायचा तो इतिहासासाठी. मीही 'एकाग्रता वाढते' असं सांगून पाहिलं. मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, त्यासाठी मोबाइल खाली ठेवला तरी पुरतं म्हणे."

आमच्या घराण्याचा शस्त्रांशी संबंध खंडेनवमीपुरता. त्या दिवशी पाटावर विळी, अडकित्ता, शिवणाची कात्री, पाना आणि स्क्रूड्रायव्हर मांडून त्यांना हळदकुंकू वाहायचं. आजोबा तलाठी होते. त्यांनी म्हणे पंचक्रोशीत अनेकांना जायबंदी केलं, पण ते टाकाने. वडील मास्तर, त्यांच्या हातात छडी असायची, पण तीही बहुधा पाठ खाजवायला. अशा घरात पहिली बंदूक येणार म्हणजे कोणीतरी परजातीत लग्न करणार असल्यासारखं वातावरण झालं. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले.

कायदा मात्र घरच्यांपेक्षा समंजस निघाला. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हवेवर चालणाऱ्या बंदुकीचा जोर २० ज्यूलच्या आत असेल आणि नळीचं भोक ४.५ मिलिमीटरहून मोठं नसेल तर तिला परवाना लागत नाही. बायको शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. ज्यूल म्हटल्याबरोबर तिच्यातली बाई बाजूला झाली आणि शिक्षिका पुढे आली. "वीस ज्यूल म्हणजे मीटरभर उंचीवरून दोन किलो साखरेची पिशवी पायावर पडते तेवढं," ती म्हणाली. मी म्हटलं, मग बघ, किती निरुपद्रवी! "साखर पसरून पडते," ती म्हणाली, "तुमचा छर्रा सगळी साखर एका टोकावर घेऊन येतो. डोळा जाईल कोणाचा तरी. आधी चष्मे आणायचे, बंदूक नंतर." त्यामुळे आमच्या घरात बंदुकीच्या आधी जाड प्लास्टिकचे पारदर्शक संरक्षक चष्मे आले. काही दिवस ते कांदा चिरायला वापरले गेले आणि सगळ्यांचं मत एकदम अनुकूल झालं.

आता बंदूक कोणती घ्यायची? मला फार काही नको होतं. हलकी हवी, हातात घेतल्यावर हसू यावं आणि अर्ध्या तासाने खांदा बोलू नये. एवढ्या साध्या मागणीला किती लोकांचा विरोध असू शकतो हे मला पुढे कळलं.

पहिले विरोधक एका रेंजवरचे प्रशिक्षक. महाराष्ट्राला रायफल नेमबाजीचं कौतुक नवीन नाही. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेल्या, सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सला, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, आणि राधानगरीकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ ला पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. तेव्हा अशा राज्यात एखाद्या जाणकाराला विचारून बंदूक घ्यावी, इतपत अक्कल मला होती. प्रशिक्षकांनी प्रेमाने दहा मीटरची स्पर्धेची एअर रायफल माझ्या हातात दिली. मी ती घेतली आणि लगेच टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे तिनेच स्वतःला ठेवून घेतलं.

"साडेपाच किलोपर्यंत चालते नियमाने," ते म्हणाले.

"ह्याहून हलकी...?"

"हलकी कशाला?" त्यांच्या चेहऱ्यावर, गवयाकडे कोणी 'जरा छोटा राग म्हणा' असं म्हणावं, तसं दुःख उमटलं. मग त्यांनी समजावलं. आपलं काळीज मिनिटाला सत्तरेक वेळा उडतं. श्वास चालू असतो, पोटऱ्या थरथरतात. हे सगळं नळीपर्यंत पोचतं. जड बंदुकीला ते उशिरा कळतं आणि हलकीला ताबडतोब. म्हणून स्पर्धेतले लोक वजन टाळत नाहीत, उलट मुद्दाम लावून घेतात. वर जाड कॅनव्हास आणि चामड्याचं जाकीट घालायचं, ते इतकं ताठ की माणूस आत नसला तरी जाकीट उभं राहील. तशीच विजार. सपाट तळाचे बूट घालून हळूहळू जागेवर यायचं. मी ते बघत होतो आणि मनात म्हणत होतो की एवढा जामानिमा तर आमच्याकडे मुंजीलाही होत नाही.

मग त्यांनी लक्ष्याचा कागद दाखवला. मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे नेम अगदी अचूक लागला की ठिपकाच शिल्लक राहत नाही, पुरावाच नष्ट. शिवाय आता दहा म्हणजे नुसते दहा नाहीत, त्यांचेही दशांश मोजतात, १०.९ पर्यंत. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये अगदी शेवटची गोळी १०.८ ची मारली आणि देशाचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण आणलं. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, पण त्याच वेळी हेही पक्कं झालं की हा माझा गाव नाही. मला गणितात पूर्णांकच कधी पुरेसे मिळाले नाहीत, तिथे दशांशांचं काय घेऊन बसलात! त्यात त्या रायफलीची किंमत लाखांत. मी आभार मानून निघालो. जाकीट नसल्यामुळे मला भराभर चालता आलं.

दुसरा विरोधक दुकानदार. त्याने कपाटातून डोकं बाहेर काढत विचारलं, "मारायचं काय आहे?"

"कागद."

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "वानरं आहेत का? बाग आहे?"

"नाही हो. कागद."

"कबुतरं?"

वानराला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कागदाला अजून नाही. म्हणूनच मी कागद निवडला आहे, असं मी त्याला सांगितलं. तो पोऱ्याकडे वळून म्हणाला, "साहेबांना कागद मारायचाय, हजारवाली काढ." हजारवाली म्हणजे जिचा छर्रा सेकंदाला हजार फूट धावतो ती. खोक्यावर आकडा छापला होता, त्याच्याभोवती ज्वाळा होत्या, आणि एक रानडुक्कर ते सगळं बघून पश्चात्ताप करत होतं.

ह्या आकड्यांचं मी थोडं वाचून ठेवलं होतं म्हणून बरं. खोक्यावरचा वेग बहुतेक वेळा सगळ्यात हलका छर्रा घालून काढलेला असतो. शिवाय आवाजाचा वेग सेकंदाला अकराशे फुटांच्या आसपास. छर्रा त्याच्या जवळपास गेला की डगमगायला लागतो आणि नेम बिघडतो. वेग ओलांडलाच तर वर फटाक्यासारखा आवाज. ज्या ऑलिंपिकच्या रायफलीने मला टेबलावर वाकवलं होतं, तिच्या जातीच्या बंदुकांचा छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटर जातो, म्हणजे पावणेसहाशे फूट. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा त्या वेगाने निघाला तर जोर भरतो आठ ज्यूलच्या आत. दहा मीटरवरच्या कागदाला काही घाई नसते. तो जागच्या जागी तुमची वाट बघत असतो. हे मी दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, "ते खरं आहे साहेब, पण ताकद असलेली बरी. कधी लागली तर?"

'कधी लागली तर' हे आपल्या खरेदीचं राष्ट्रगीत आहे. ह्यापायी आपण डोंगर चढणाऱ्या गाड्यांतून भाजी आणतो आणि वीस माणसांच्या कुकरमध्ये दोघांची खिचडी लावतो.

मी हजारवाली वाकवून पाहिली. ह्या बंदुका नळी मधून मोडून भरायच्या असतात. नळी खाली ओढली की आतली स्प्रिंग दबते आणि चाप ओढेपर्यंत दबून बसते. हजारवालीची नळी ओढताना मी जवळजवळ तिच्यावर लोंबकळलो. दुकानदार अभिमानाने म्हणाला, "पंधरा किलोचा जोर लागतो." पंधरा किलो एकदा ठीक आहे. स्पर्धेत साठ गोळ्या असतात. मौज म्हणून मीही तेवढ्या मारायच्या म्हटलं तर साठ गुणिले पंधरा, नऊशे किलो झाले. एवढं मार्केट यार्डात उचललं असतं तर संध्याकाळी पैसे तरी मिळाले असते.

त्याने मग दुसरी जात दाखवली. तिच्यात स्प्रिंग नाही. टाकीत आधीच हवा दाबून भरायची, सुमारे २०० बार. आपल्या गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असते. म्हणजे ही बंदूक घेणं म्हणजे चाकाच्या जवळपास नव्वदपट दाब मांडीवर घेऊन बसणं. नेम सुरेख लागतो, झटका नाही, पण हवा भरायला एक उभा पंप किंवा पाणबुड्यांचा सिलिंडर पाळावा लागतो. त्या पंपाचे कष्ट फार जुने आहेत. टायरॉलचा घड्याळजी बार्तोलोमेओ जिरार्दोनी याने अशीच हवेची रायफल बनवली आणि १७८० च्या सुमाराला ती ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतली. एकदा भरली की वीसेक गोळ्या धडाधड, धूर नाही, मोठा आवाज नाही. त्या काळी हे अद्भुतच. अमेरिकेत लुईस आणि क्लार्क पश्चिमेकडे मोहिमेवर निघाले तेव्हा अशी एक बंदूक बरोबर घेऊन गेले आणि वाटेत भेटणाऱ्या जमातींना ती मारून दाखवत गेले. मात्र तिची टाकी भरायला पंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. ते कोण मारत होतं हे कोणी रंगवून सांगत नाही. माझ्या घरी कोणी मारलं असतं हे मला माहीत होतं, म्हणून ती जात बाद.

घरी येऊन मी हताशपणे सांगितलं की सगळे मला जड नाहीतर जोरकस बंदूक घ्यायला लावतायत, हलकीला कोणी मान देत नाही. मुलगी त्या सुमाराला शेरलॉक होम्स वाचत होती. ती म्हणाली, "बाबा, काहीतरीच काय? खुद्द होम्स एअरगनला घाबरायचा. डॉ. वॉटसनच्या घरी आल्या आल्या त्याने खिडक्या बंद केल्या होत्या." खरंच की! आणि पुढे 'द एम्प्टी हाउस' या कथेत ज्या कर्नल मोरानने एअरगनने होम्सच्या मेणाच्या पुतळ्याचं डोकं फोडलं, तो हिंदुस्थानात वाघ मारून गेलेला गडी. मला एकदम बरं वाटलं. ती बंदूक एका आंधळ्या जर्मन कारागिराने बनवली होती, हेही वाचून दाखवल्यावर मुलगी म्हणाली, "म्हणजे बघा, नीट दिसलंच पाहिजे असं काही नाही." माझा चष्मा तेव्हा नाकाच्या टोकावर होता. तिने तिकडे बघितलं नाही, हा तिचा चांगुलपणा.

ह्या हलक्या बंदुकांचा आणखी एक गमतीचा भाग मला फार आवडला. त्या बनवणारे लोक अनेकदा मुळात बंदूकवाले नसतातच. अमेरिकेतली डेझी ही पोराटोरांच्या बंदुकांची सगळ्यात गाजलेली कंपनी. ती आधी मिशिगनमधल्या प्लिमथ गावी पाणी उपसायच्या पवनचक्क्या बनवायची. १८८८ च्या सुमाराला पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला एक पत्र्याची एअरगन फुकट, अशी योजना त्यांनी काढली. थोड्याच दिवसांत लोक बंदूक मागायला लागले आणि पवनचक्की नको म्हणायला लागले. १८९५ मध्ये कंपनीने नावच बदलून बंदुकीचं घेतलं. आपल्याकडेही वालचंद हिराचंदांच्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने गावोगावच्या पाणीयोजनांचे सिमेंटचे पाइप घातले, रेल्वेचे स्लीपर केले आणि एअर रायफलीही केल्या. ह्या कंपनीला नळी म्हटलं की लहानमोठं काही वाटत नसावं.

जर्मनीच्या राश्टाट गावी १८९० मध्ये निघालेल्या डायना कंपनीचं चिन्ह तर बघण्यासारखं आहे. शिकारीची देवी डायना हातातलं धनुष्य टाकून देते आहे आणि दुसऱ्या हाताने एअरगन उंचावते आहे. मी ते बायकोला कौतुकाने दाखवलं. ती निरखून म्हणाली, "आपल्या देवी जुनं शस्त्र टाकत नाहीत. हात वाढवतात."

निवडीचा गुंता शेवटी तिनेच सोडवला. हातात शिवणाची टेप घेऊन ती स्टुलावर चढली आणि माळा मोजला. एका बाजूला गणपतीचं मखर, दुसऱ्या बाजूला पाहुण्यांच्या गाद्या, मधे उरलेली जागा साडेतीन फूट. "ह्याच्यात बसेल ती आणा," ती म्हणाली, "आणि चढवताना-उतरवताना मला एका हाताने धरता आली पाहिजे. दुसऱ्या हाताने मी तुम्हाला धरणार." ऑलिंपिकवाल्यांनी साडेपाच किलोची मर्यादा घातली, आमच्या घरी साडेतीन फुटांची पडली. एका फटक्यात हजारवाली गेली, दुर्बीण लावलेल्या सगळ्या लांबड्या गेल्या, आणि दुकानातल्या खालच्या फळीवरची एक धाकटी उरली. वजन अडीच किलोच्या आसपास, लाकडी दस्ता, नळी ओढायला बेताचा जोर. दुकानदार म्हणाला, "ही शाळकरी पोरं घेतात." त्याने माझं आधार कार्ड जरा जास्तच वेळ बघितलं. बहुधा जन्मसाल पुन्हा पुन्हा वाचत असावा.

दुर्बीण घेऊ नका, असं मात्र मी कोणालाही सांगेन. एक तर स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका विचित्र असतो. दट्ट्या पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि तो टोकाला आपटतो तेव्हा पुढे जाते. दारूच्या बंदुकीसाठी केलेली दुर्बीण मागचा धक्का सोसते, पण हा पुढचा-मागचा तिच्या भिंगांना खिळखिळं करतो. दुसरं म्हणजे उघड्या नेमाची गंमतच गेली. मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं वर्तुळ ही तिन्ही एका रेषेत आणायची. चाळिशीनंतर ह्या तिघांपैकी डोळ्याला एका वेळी एकच नीट दिसतं. जाणकार सांगतात की स्पष्ट दिसायला हवी ती माशी, लक्ष्य धूसर असलं तरी चालतं. लक्ष्य धूसर ठेवून नोकरीची तीसेक वर्षं काढलेल्या माणसाला हे जमायला वेळ लागला नाही.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये दहा मीटर सलग कुठून आणणार? आमच्या मागच्या गॅलरीपासून दिवाणखान्याच्या भिंतीपर्यंतचं अंतरही तेवढं भरत नाही, आणि वाटेत फ्रीज लागतो. म्हणून बंदूक माळ्यावरून उतरते ती थेट साताऱ्याकडच्या आमच्या गावी जाते. तिथे परसात गोठ्याची दगडी भिंत आहे आणि पलीकडे उसापर्यंत कोणाचं येणं-जाणं नाही. भिंतीला टेकून एक जाड फळी, तिच्यापुढे रद्दीचे गठ्ठे, गठ्ठ्यावर कागद. दगडावरून छर्रा उसळू नये म्हणून ही व्यवस्था. दादाने नारळाचा काथ्या, वाळूची पोती वगैरे पर्याय सुचवले होते, पण माझ्या मते दिवाळी अंकाला तोड नाही. आमच्याकडे दिवाळी अंकांची थप्पी आहे, आणि मी शास्त्रोक्त पाहणी केली आहे. गुळगुळीत कागदाच्या जाहिराती पुढे असलेला अंक छर्रा लवकर अडवतो. साध्या कागदावरचा अंक भेदला जातो, पण प्रामाणिकपणे. एका जाडजूड अंकात छर्रा मुखपृष्ठ, संपादकीय, जाहिराती आणि दोन परिसंवाद फोडून कथांपर्यंत पोचला आणि तिथे एका दीर्घकथेत अडकला. बऱ्याच वाचकांचंही तिथेच होतं. कवितांना आजवर धक्का लागलेला नाही. त्या शेवटी असतात.

वहिनी पहिल्या दिवशी हे सगळं पदर तोंडाला लावून बघत होत्या. "भाऊजी, ही गोळी शिशाची का?" मी हो म्हटलं. "मग हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही." जत्रेत फुगे फोडायच्या गाड्यावरचा माणूस छर्रे तोंडात धरून बंदुका भरायचा, हे मी लहानपणी पाहिलं आहे. त्या काळी आम्हाला त्यात शौर्य दिसायचं. आता परसातल्या मोरीवर माझ्यासाठी वेगळा साबण ठेवला आहे, आणि तो आणखी कोणी वापरायचा नाही असा दंडक आहे. माझी जात बदलल्यासारखं वाटतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. पंचक्रोशीत घराघरातून फौजेत गेलेली माणसं, त्यात हे बुजुर्ग. त्यांनी कुंपणावरून माझ्या बंदुकीकडे बघितलं आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काय पुणेकर, हिची आई कुठंय?"

मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी एका हाताने पेलली, हसले, आणि खांद्याला अशी आवळून लावली की लाकूड कुरकुरलं. पहिला छर्रा वर्तुळाच्या वर, दुसरा डावीकडे, तिसरा दिवाळी अंकाच्या किमतीवर. सुभेदारांनी बंदुकीकडे बघितलं. कागदाकडे बघितलं. "माशी वाकडी हाय," ते म्हणाले.

माशी सरळ होती. स्प्रिंगच्या बंदुकीची खोड अशी की छर्रा नळीत असतानाच ती मागेपुढे उडी मारते. आवळून धरली की प्रत्येक वेळी वेगळीकडे उडते. सैल धरली, पुढचा हात नुसता तळव्यासारखा खाली ठेवला आणि तिला तिच्या मनासारखं हलू दिलं, की दर वेळी सारखीच हलते आणि छर्रे एका जागी पडतात. हे मी जमेल तितक्या नम्रपणे सांगितलं. फौजेत उभी हयात गेलेल्या माणसाला बंदूक कशी धरायची हे सांगताना माझा आवाज आपोआप बारीक झाला.

"सैल?" सुभेदार म्हणाले. "बंदूक सैल धरायची? आमच्या उस्तादानं हे आयकलं असतं ना, तुमाला बी पळवला असता आन् मला बी." पण माणूस जातीचा नेमबाज. त्यांनी नळी मोडली, छर्रा घातला, दस्ता गालाला नुसता टेकवला, अर्धा श्वास सोडला आणि चाप असा हळू ओढला की तो कधी सुटला हे त्यांनाही कळलं नसावं. काळ्याच्या आत. पुढचाही. त्याच्या पुढचा त्याच भोकाला चिकटून. त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि गंभीरपणे म्हणाले, "माशी सरळ झाली." आता ते रोज संध्याकाळी कुंपणापाशी घुटमळतात. मी गावी नसलो की फोन करून विचारतात, "पोरगी कधी येती?" दादाला आधी वाटलं माझ्या मुलीबद्दल विचारतायत.

कागदाला भोकं पाडण्यात खरी गंमत आहे, पण कागद काही उत्तर देत नाही. तुम्ही उठून जवळ जायचं, चष्मा वर करायचा आणि त्याच्याकडून निकाल काढून घ्यायचा. म्हणून मग लगेच उत्तर देणारी लक्ष्यं शोधली. बाटल्यांची पत्र्याची बुचं दोऱ्याला टांगली की लागल्यावर गरगर फिरतात. वडिलांच्या मास्तरकीतला खडूचा एक खोका सापडला. खडू उभा करून मारला की पांढऱ्या धुराचा भपकारा उडतो, आणि इतकी वर्षं फळ्यावर त्याने जे सोसलं त्याचा शेवट भव्य होतो. पण सगळ्यात झकास उत्तर देतो तो पापड. उडदाचा, न भाजलेला, कडेला भोक पाडून दोऱ्याला अडकवलेला. त्याला छर्रा लागला की आधी 'टच्च' आवाज येतो आणि मग तो वेगवेगळ्या दिशांना निघून जातो. वारा असेल तर पापड स्वतःभोवती वळत राहतो, कधी रुंद दिसतो, कधी नुसती रेघ. त्या रेघेला मारून दाखवणं ही आमच्या परसातली सध्याची सर्वोच्च परीक्षा आहे. सुभेदार त्यात पास झाले आहेत. खाली पडलेले तुकडे गोळा करून टाकायचं काम माझ्याकडे आहे, कारण शिशाचा स्पर्श झालेलं काही कोंबड्यांच्या चोचीत जाऊ द्यायचं नाही असा वहिनींचा हुकूम.

वहिनी आधी फुटके, मोडके, गेल्या उन्हाळ्याचे पापड देत होत्या. ते संपले. मग डब्यातले चांगले पापड हळूहळू कमी होऊ लागले आणि सुभेदारांच्या खिशातून उडदाचा वास येऊ लागला. परवा वहिनींनी सगळ्यांदेखत डबा उघडून आतले पापड मोजले, झाकण लावलं आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. येत्या उन्हाळ्यात पापड जरा जाड आणि आकाराने बारके लाटावेत, म्हणजे एका पिठात जास्त होतील आणि नेमाचाही कस लागेल, असा प्रस्ताव मी आणि सुभेदारांनी मिळून मांडला आहे. वहिनी म्हणतात, लाटायला बसा, मग बघू.